चाळीस मिनिटांची आठवण

१

सई झोपायची ती तानपुऱ्यावर. अंगाईला ती दाद देत नसे, थोपटलं की चिडे, झोळीत घातलं की टक्क डोळ्यांनी पंख्याकडे बघत राही. पण तानपुरा लागला की पाच मिनिटांत मुठी सैल. हा तानपुरा काही भोपळ्याचा नव्हे. विशारदच्या परीक्षेसाठी वसुंधराने घेतलेला इलेक्ट्रॉनिक, डब्यासारखा, तीन बटणांचा आणि एका लाल दिव्याचा. मग परीक्षा राहिली, सई झाली, आणि आता आठ महिन्यांची सईच त्या डब्यावर रोज दुपारी बसायची. घरात कुणीतरी नियमित रियाज करतंय, असं वसुंधरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे आणि आपल्याच विनोदावर ओशाळे.

अडचण होती विजेची. १९९३ साली नवीन पनवेलात दुपारी वीज जायचीच, ते सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. अडॅप्टरवर तानपुरा लावला की आतून एक भुणभुण येई, ती कुठल्याच सुरात बसत नसे. आणि वीज गेली की सूर तुटे आणि सई किंचाळत उठे. साधे पेन्सिल सेल घातले तर ते आठवड्यात मान टाकत.

निनाद तळोजाला एका कारखान्याच्या लॅबमध्ये पहिल्या पाळीला होता. जगात उपाय नसलेली गोष्ट नाही यावर त्याचा गाढ विश्वास. एका मंगळवारी तो लाइन आळीतल्या कृष्णकांतच्या दुकानातून कागदाच्या पुडीत सहा हिरवे सेल आणि एक चार्जर घेऊन आला.

"हे रात्रभर लावून ठेवायचे. सकाळी पुन्हा ताजे. हजार वेळा चालतात."

"हजार?"

"कृष्णकांत म्हणाला हजार."

"मग असे खरवडलेले का दिसतायत?"

"थोडे वापरलेले आहेत गं. बरं, नऊशे धर."

सेलांवर कुणीतरी नखांच्या रंगाने एक ते सहा आकडे घातले होते. नीटस, गोल अक्षर. बाईचं असावं असं वसुंधराला उगाचच वाटलं. मग तिला वाटलं, सेलवरच्या आकड्यांवरून बाईमाणूस ओळखणारी आपण, दुपारी जरा झोप काढायला हवी.

२

बुधवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिने तानपुरा लावला. दोन पन्नासला तो बंद पडला.

हळूहळू नाही. वाजत होता आणि थांबला. त्याच क्षणी सईने एक मोठा, खोल श्वास ओढला, तोंड उघडं टाकून, आणि डोळे उघडले. ती रडली नाही. नुसती पाहत राहिली.

सेल नीट चार्ज झाले नसतील, म्हणून त्या रात्री वसुंधराने ते जास्त वेळ लावून ठेवले. गुरुवारी दीडला लावलेला तानपुरा दोन दहाला थांबला. शुक्रवारीही चाळीस मिनिटं. शनिवारीही. आणि प्रत्येक वेळी सईचा तो श्वास.

रविवारी ती सईच्या उशाशीच बसली. निनाद बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होता. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती. सईचं झबलं वर-खाली होत होतं. एक लांब श्वास, मग तीन आखूड. एक लांब, तीन आखूड.

तानपुऱ्याच्या तारा चार. पहिली पंचमाची, मग तीन षड्जाच्या. प, सा, सा, सा.

आयुष्याची दहा वर्षं तानपुरा ऐकण्यात घातलेल्या बाईला कुकरच्या शिट्टीतही प-सा-सा-सा ऐकू येणारच, असं तिने स्वतःला बजावलं. त्यात नवल ते काय? तरी तिचा हात लयीच्या बटणाकडे गेला. तिने ते केसभर पुढे केलं. तारा जराशा घाईने वाजू लागल्या.

झबलंही घाईला आलं.

तिने बटण झटकन मागे आणलं आणि चोरी पकडली गेल्यासारखा हात पदराखाली घेतला.

३

"म्हणजे मुलगी लयीत आहे," निनाद म्हणाला. "आणि याचं तुला दुःख. धन्य आहेस वसू."

"गंमत नाहीये. बंद पडला की कशी दचकते बघ ना एकदा."

"तू मला रोज पाचला उठवतेस तेव्हा मीही तसाच दचकतो."

डॉक्टरांनी छाती तपासली, वजन केलं, सईने त्यांचा स्टेथोस्कोप चावला. "उत्तम आहे," ते म्हणाले. "बाळाला श्वास घ्यायला कुणी शिकवत नाही, ते आपलं आपण घेतं. पहिलंच ना?" पहिलंच ना, हा प्रश्न वसुंधराला गेल्या आठ महिन्यांत सगळ्या पनवेलने विचारला होता. तिने मान हलवली आणि घरी आली.

भांड्यांना गंगू यायची, सुकापूरहून, साडेतीनला. त्या सोमवारी ती अंमळ लवकर आली, तेव्हा तानपुरा चालू होता. हातातली राखुंडी तशीच धरून ती खोलीच्या दारात उभी राहिली.

"वैनी, ही झोपली नाय वो."

"झोपलीय की. डोळे मिटलेत बघ."

"डोलं मिटलंत. पन कान देते. झोपल्यालं पोर असं नसतं. आमी काय कमी पोरं वाढवली?" तेवढ्यात तानपुरा थांबला. सईने श्वास ओढला. गंगूने कपाळाला आठी घातली. "पान्यातनं वर काढल्यावानी करते ही."

"काहीतरी बोलू नको गं."

"मी काय बोलते? तुमचा बाजा बोलतो," गंगू म्हणाली आणि भांडी आपटायला लागली.

तो पाण्याचा शब्द वसुंधराला रात्रीपर्यंत चिकटून राहिला. ती या खोलीतून त्या खोलीत गेली, गॅस बंद आहे का पाहिलं, खिडकीची कडी पाहिली, पुन्हा गॅस पाहिला. पान्यातनं. तिने ठरवलं, मूळ भानगड सेलची आहे. सेल नीट चालले तर तानपुरा मधेच तुटणार नाही. तुटला नाही तर सई दचकणार नाही. आणि तो श्वास पुन्हा ऐकावा लागणार नाही.

४

कृष्णकांत ऑर्केस्ट्रावाल्यांचा एक कीबोर्ड पोट फाडून बसला होता. सईला खांद्यावर टाकून वसुंधरा दुकानाच्या फळीशी उभी राहिली.

"चाळीस मिनिटं? रोज? बरोब्बर चाळीस?" तो हसला. "आठवण धरलीय सेलनी, वहिनी."

"काय धरलीय?"

"आठवण. या सेलांची खोडच आहे ती. रोज ठराविक तेवढंच वापरून पुन्हा चार्जिंगला लावलं ना, की ते तेवढंच लक्षात ठेवतात. पुढचं आत भरलेलं असतं हो, पण त्यांना वाटतं, संपलं आपलं काम. आधीच्या बाई रोज चाळीस मिनिटांनीच बंद करत असणार."

"कोण आधीच्या बाई?"

"होत्या एक. तुमच्यासारख्याच, गाणं शिकलेल्या. दुपारी बाळासाठी लावायच्या. स्वतः परत आणून दिले त्यांनी."

"परत का दिले?"

"आता लागत नाहीत म्हणाल्या." कृष्णकांतने कीबोर्डमधली एक तार चिमट्याने उचलली आणि तिला डाग दिला. धूर वर गेला.

मूल मोठं झालं असणार, वसुंधराने मनाशी म्हटलं. मुलं मोठी होतात, दुसरं काय करतात? "पण चाळीसच का?" तिने विचारलं. "मूल झोपलं असताना कोण कशाला बंद करेल?"

"ते आता सेलनाच विचारा," तो म्हणाला. "आठवण मोडायची तर उपाय सोपा आहे. एकदा पुरते रिकामे होऊ द्यायचे. तानपुरा बंद पडला तरी बटण चालूच ठेवायचं, हात लावायचा नाही. दिवा जाईल. सेल जरा दम खातील, मग पुन्हा थोडं रडतरखडत वाजतील. वाजू द्यायचं, पार मान टाकेपर्यंत. मग चार्ज केले की कोरे करकरीत. आधीचं काही लक्षात नाही."

सई खांद्यावरून मागे, दुकानाच्या अंधाऱ्या फळ्यांकडे बघत होती. हसत होती. मुलं कशालाही हसतात.

५

बुधवारी सकाळी सईला लस टोचली, त्यामुळे जेवणाआधीच ती अंगात किंचित कणकण घेऊन आपली आपण झोपली. तानपुऱ्याशिवाय. झबलं कसंही हलत होतं, मधेच भरभर, मधेच सावकाश, जसं कुठल्याही मुलाचं हलावं. वसुंधराला इतका आनंद झाला की तिने ते पाच मिनिटं नुसतं पाहिलं.

अशी संधी पुन्हा नव्हती. सईजवळ तानपुरा वाजवायचाच नाही, हे तिने ठरवलंच होतं. तिने डबा बाथरूममध्ये नेला, पालथ्या बादलीवर ठेवला, बटण चालू केलं आणि दार ओढून घेतलं. मग झोपायच्या खोलीचंही दार लोटलं. मधल्या पॅसेजमधून आता जेमतेम गुणगुण येत होती. एक वाजून वीस मिनिटं.

बरोब्बर दोनला गुणगुण थांबली.

ती पॅसेजमध्ये उभी राहिली आणि सईच्या श्वासाची वाट पाहू लागली. तो आला नाही. तिने दार किलकिलं करून पाहिलं. सई गाढ झोपली होती. सगळं दुरुस्त झालं होतं! वसुंधराने दोरीवरचे लंगोट काढले, घड्या घालायला घेतल्या, आणि कितीतरी दिवसांनी आपल्याशीच काहीतरी गुणगुणली. त्या बाईने चाळीस मिनिटांनी बंद केलं असेल, कारण चाळीस मिनिटांनी तिचा चहा होत असेल. इतकं साधं असेल ते.

सातव्या की आठव्या लंगोटाला तानपुरा पुन्हा सुरू झाला.

सेल दम खातात, हे कृष्णकांतने सांगितलंच होतं. पण सूर उतरला होता. वसुंधराने तो आपल्या पट्टीत, काळी चारला लावलेला होता. आता तो पांढरी तीनच्याही खाली गेला होता, आणि जातच होता, जिना उतरणाऱ्या माणसासारखा. तारांमधलं अंतर वाढत चाललं होतं. प. मग सा. मग बऱ्याच वेळाने सा.

घडी अर्धवट टाकून ती आत गेली.

सईचं झबलं एकदा वर आलं. खाली गेलं. मग नुसतं पडून राहिलं. वसुंधरा मोजत नव्हती, पण तिच्यातली गाणारी बाई आपोआप मोजत होती. भिंतीपलीकडे तार वाजली. झबलं हललं.

ती बाथरूमकडे धावली आणि दार ढकललं. ते उघडलं नाही.

तिने दार नुसतं ओढून घेतलं होतं. कडी फक्त आतल्या बाजूला होती आणि ती लावायला आत कुणी नव्हतं. प्लायवूडची दारं फुगतात, या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाचं दार फुगतं, वरच्या मजल्यावर तर रंधा मारून घेतला होता. तिने खांदा लावला. आत सा वाजला, इतका खाली की आता तो सूर राहिला नव्हता, नुसती थरथर. दाराखाली चार बोटांची फट होती. त्यातून डबा दिसला तर काठीने तरी तो पाडता येईल, म्हणून ती गुडघ्यांवर बसली आणि गाल फरशीला टेकवला.

आतली फरशी ओली होती. पाणी सकाळी सातला येऊन गेलं होतं, आणि साडेआठपर्यंत फरशी रोज सुकायची. ओल्या फरशीत लाल दिव्याचा ठिपका दिसत होता. त्याच्या अलीकडे दोन टाचा. टाचा जमिनीला, बोटं वर, पाय शेजारी शेजारी सरळ लांब केलेले. पाटावर बसून, पाय पसरून, नडग्यांवर बाळाला पालथं घेऊन न्हाऊ घालतात, तसे. पाय ओले होते. बोटं किंचित हलली, बाळ घसरू नये म्हणून हलवतात तशी.

दिवा विझला.

६

आपण किंचाळलो की नाही, हे वसुंधराला नंतरही सांगता आलं नाही. तिला एवढंच आठवत होतं की ती सईजवळ होती आणि घरात तानपुरा वाजत नव्हता. तो मधेच थांबला होता. पंचम झाला होता, दोन षड्ज झाले होते. तिसरा राहिला होता.

सईचे ओठ जांभळट दिसत होते. तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. गंगू म्हणाली होती तेच होतं. ती कान देऊन होती. राहिलेल्या षड्जाची वाट बघत होती.

"सा," वसुंधरा गायली. काळी चारचा, तिचा स्वतःचा, दहा वर्षं घासलेला षड्ज. सई हलली नाही. ती ज्याची वाट बघत होती तो हा सा नव्हता. वसुंधराने आवाज खाली नेला, आणखी खाली, जिथे बाईचा गळा जात नाही तिथे. गळा फाटला, नुसती हवा आली. ज्याने कुणी तो सूर तिथे नेऊन ठेवला होता त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

तेव्हा तिने गाणं सोडलं. सईला उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि श्वास घेतला. मोठा, ओबडधोबड, तोंडाने. सोडला. पुन्हा घेतला. चार मजले चढून आलेल्या माणसासारखा, ना लय ना ताल, एक आखूड, दोन लांब, मधेच हुंदका. "घे," ती म्हणत होती, "घे गं, असा घे, कसाही घे." इवलीशी छाती तिच्या छातीवर दगडासारखी होती. घे. मग ती एकदा थरथरली. वसुंधराचा श्वास आत गेला, आणि त्याच्याबरोबर सईचाही.

मग सई रडली. घोगरं, फाटकं, बेसूर. वसुंधराने आयुष्यात इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं.

७

साडेतीनला गंगू आली तेव्हा माय-लेकी जिन्यात बसल्या होत्या.

"गंगू, बाथरूमचं दार उघडत नाहीये. जरा बघतेस?"

गंगू आत गेली. दार उघडल्याचा साधा आवाज आला. "उघडं तर हाय की!"

"आत कोण आहे?"

"कोन असंल? बादली हाय." ती डबा घेऊन बाहेर आली. डब्याच्या कडेने पाणी निथळत होतं. "ह्यो बगा तुमचा बाजा. नळाखाली धरला व्हता काय?"

निनाद चारला आला. वसुंधराने त्याला सगळं सांगितलं नाही. पायांचं तर मुळीच नाही. पहिलंच ना, असं तो म्हणाला नसता, पण त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं असतं. ती एवढंच म्हणाली की तानपुरा भिजला, सईला त्रास झाला, आणि हे सेल आत्ताच्या आत्ता घरातून जायला हवेत.

"कृष्णकांतला परत देतो."

"परत नको. फेकून दे. खाडीत टाक."

"अगं, चांगले चालू सेल कोण फेकतं? कुणाच्या तरी उपयोगी पडतील." मग तिच्याकडे पाहून तो नरमला. "बरं. टाकतो. येताना डॉक्टरांना घेऊन येतो, मग तर झालं?"

त्याची पावलं जिन्यावरून उतरली. वसुंधरा सईला मांडीवर घेऊन पलंगावर बसली. दिवेलागणीची वेळ झाली तरी तो परतला नव्हता, आणि दुपारी गेलेली वीजही आली नव्हती. सईचे ओठ पुन्हा गुलाबी झाले होते, ती झोपली होती, झबलं नीट हलत होतं. समोर पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला बाथरूमचं दार. गंगूने ते उघडंच ठेवलं होतं. आता ते अर्धवट लोटलेलं होतं.

आत काहीतरी वाजल्यासारखं झालं. पाण्याचा थेंब असेल. किंवा फार खालचा एखादा सूर. वसुंधराने मान वळवली आणि नीट ऐकू यावं म्हणून श्वास रोखला.

मांडीवरचं झबलं थांबलं.

तिने श्वास सोडला. झबलं हललं.

योगायोग असू शकतो. ती शिकलेली बाई होती. एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही, हे तिला माहीत होतं. खात्री करायची तर पुन्हा एकदा श्वास रोखून पाहायला हवं होतं. आणि पॅसेजच्या टोकाला पाणी पडतंय की कुणी गुणगुणतंय, हे कळायचं तरी घरात क्षणभर पूर्ण शांतता हवी होती.

वसुंधरा ताठ बसून राहिली आणि मोठमोठ्याने श्वास घेत राहिली.